मेस्त्री, हे काढायला लागतंय

घराचं काम काढलंय असं गल्लीत कळलं की पहिला सल्ला मिळतो तो चहाचा. "कामावरच्या माणसांना वेळेवर चहा दे बघ, मन लावून करतात." बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी मला हे सांगितलं आणि उरलेल्यांनी त्यात भज्यांची भर घातली. अकराचा चहा, चारचा चहा, शनिवारी चुरमुरे आणि मिरची भजी हा शिरस्ता मी काम संपेपर्यंत पाळला. त्याबद्दल तक्रार नाही. उन्हात घमेली उचलणाऱ्याला चहा द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा? पण चहामुळं काम चांगलं होतं हे मला काही पटलेलं नाही. चहा पिऊनही भिंत ओळंब्याबाहेर जाते.

मेस्त्रीशी आपलं बरं चाललंय की नाही हे ओळखायची माझ्या मते एकच जागा आहे. केलेलं काम बिघडलंय, उचकटून पुन्हा करायला हवं, असं दिसतं तेव्हा "मेस्त्री, हे काढायला लागतंय" एवढं आपल्याला म्हणता येतं का? आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री हजर असतो का? दोन्ही होत असेल तर संबंध चांगले. सगळं हसतखेळत चाललंय, पण हे वाक्य घशातच अडकतंय, असं असेल तर त्याला मी भीड म्हणते. भिडेपोटी तशीच राहिलेली तिरकी चौकट मग आयुष्यभर बघत बसावी लागते.

आमचं घर जुन्या पद्धतीचं. पुढं बसाउठायचा सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि परसात विहीर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी समाईक. दगड-विटा मातीत रचलेल्या, वर मंगलोरी कौलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाऊस आणि पूर आला, बेळगाव जिल्ह्यात हजारो घरं पडली, तेव्हापासून सासूबाई रात्री विजेरी घेऊन भिंतींना ओल आली का बघत फिरायच्या. पाणी ओसरल्यावरही भिजलेल्या भिंती बसत होत्या, हे त्यांनी नात्यातल्या घरांत पाहिलं होतं. शेवटी ठरलं, पुढचा भाग तसाच ठेवून डागडुजी करायची, मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणी-संडास पाडून नवं बांधायचं आणि तेवढ्यावरच स्लॅब टाकायचा. नवरा नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळं कामावर उभी राहणार मी.

मेस्त्री खानापूर तालुक्यातल्या एका गावचे, घरची भाषा मराठी. त्यांची माणसं सौंदत्ती-बैलहोंगलकडची, कानडी बोलणारी. फरशीवाला राजस्थानचा, त्याच्याशी सगळे आपापल्या हिंदीत. मेस्त्री मला वैनी म्हणायचे, हेल्पर बायका अक्कार म्हणायच्या, आणि सासूबाई सगळ्यांच्याच अव्वा झाल्या होत्या. मी मात्र मेस्त्रींना मेस्त्रीच म्हटलं. गल्लीत त्यांना कुणी मामा म्हणतं, कुणी अण्णा. मला वाटलं, एकदा मामा म्हटलं की हिशेब विचारताना जीभ अडखळणार.

*

कागदावरच्या वेळापत्रकात आठवडे असतात. मेस्त्रीच्या डोक्यात पंचांग असतं. खंडेनवमीला त्यांनी थापी, ओळंबा, गुण्या, घमेली धुऊन पुजली आणि दसऱ्यानंतर आमचं काम धरलं. दिवाळीची सुट्टी धरलेलीच होती. पुढं खानापूर भागात भाताची कापणी-मळणी आली, तेव्हा मेस्त्री स्वतः गायब. ते परतले, काम रुळावर आलं, तोवर काळ्या रानात जोंधळ्याची सुगी आली आणि त्यांची माणसं गायब. मधल्या काळात सौंदत्तीच्या यल्लम्माची पुनवेची जत्रा. शिवाय अमावस्येला आमचे मेस्त्री थापी हातात धरत नाहीत.

यावर चिडणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत. "ॲडव्हान्स घेतात आणि शेतात जाऊन बसतात" ही त्यांची ठरलेली तक्रार. अहो, शेतात जाऊन ते बसत नाहीत, भात कापतात. गवंडीकाम हे त्यांच्यातल्या बहुतेकांचं निम्मं पोट आहे, उरलेलं निम्मं त्या दोन-तीन एकरांत. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मेस्त्रींसमोर ठेवलं आणि म्हटलं, "येणार कधी ते राहू दे, येणार नाही ते दिवस सांगा." आधी त्यांना गंमत वाटली. मग बोटांवर मोजत त्यांनी एकेक सांगितला आणि मी लाल पेनानं खुणा केल्या. त्या लाल दिवसांत वायरमन आणि प्लंबर बसवले. मेस्त्री नसताना त्यांना मोकळी जागा मिळाली, एकमेकांच्या पायांत कुणी आलं नाही.

खरा त्रास येणार नाही म्हणणाऱ्याचा नसतोच. तो असतो "नाळे बर्तीनि री, पक्का", म्हणजे उद्या नक्की येतो, म्हणणाऱ्याचा. आमचा पहिला प्लंबर असा होता. त्याचा उद्या कधी उगवलाच नाही. त्याच्याशी मी भांडले नाही, दुसरा बघितला.

*

आता पैशाचं. आमच्याकडे काम एक तर गुत्त्यानं देतात, म्हणजे सगळं मिळून एक रक्कम किंवा चौरस फुटाचा दर. नाही तर हाजरीवर, म्हणजे गवंड्याचा इतका, हेल्परचा इतका, रोजच्या रोज. गुत्त्यातही मालासकट आणि नुसती मजुरी असे दोन प्रकार. सगळे सांगतात गुत्त्यानंच द्या, हाजरीवर माणसं रेंगाळतात. नव्या बांधकामाला ते खरं आहे. जुन्या घराला नाही. जुन्या भिंतीच्या पोटात काय आहे हे मेस्त्रीला तरी कुठं दिसतं? तिथं त्याच्याकडून एकठोक आकडा वदवून घेतला की त्याला दोनच वाटा राहतात, आधीच चढवून सांगायचं किंवा नंतर सिमेंटात कापायचं. मग आपण म्हणायचं, मेस्त्री लबाड आहे. त्याला त्या कोपऱ्यात आपणच ढकललेलं असतं. म्हणून मागचं नवं बांधकाम गुत्त्यानं आणि पुढची दुरुस्ती हाजरीवर असे दोन हिशेब आम्ही पहिल्या दिवशीच वेगळे केले. खर्चाच्या अंदाजाचा दहावा हिस्सा वर धरून ठेवला आणि तो आहे हे मेस्त्रींना सांगितलं नाही. सगळंच सांगायचं नसतं.

तो पैसा लागला सोप्यात. तिथली शहाबादी फरशी एका जागी कायम खचायची, पाट ठेवला की डुगडुगायचा. फरशी उचलली तर खाली मऊ भरावाचा खड्डा. मेस्त्रींनी पहार खुपसली, ती सरळ खाली गेली. त्यांनी काठावरचे दगड हातानं साफ केले, ते नीट रचलेले होते. "वैनी, हितं माग होता," ते म्हणाले. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा तो खड्डामाग. शहापूर-वडगावात एके काळी घरोघर माग होते, तसा या घरात आमच्याआधी राहणाऱ्यांचाही असणार. माग गेल्यावर कुणीतरी खड्ड्यात फुटकी कौलं, राख, माती ढकलून वर फरशी बसवली होती. सासूबाई कितीतरी वेळ त्या खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. इतकी वर्षं दिवाळीत पाट नेमका तिथंच मांडत होतो, असं म्हणाल्या. तो सगळा भराव उपसून मुरूम घालून, पाणी मारून, थर थर धुमसत भरायला दोन माणसं लागली. हाजरीवर काम असल्यानं वाद झाला नाही. गुत्ता असता तर मेस्त्रींनी वरवर चार घमेली वाळू टाकून फरशी परत बसवली असती, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पगार शनिवारी. बेळगावचा बाजार शनिवारचा, त्यामुळं दुपारी चारच्या आत पैसे हातात पडले तर त्या पैशाला अर्थ. संध्याकाळी सातला दिलेला पगार म्हणजे उरलीसुरली भाजी. मोबाइलवर पैसे पाठवले तर मेस्त्रींना चालायचे, पण माणसांना द्यायला त्यांना रोकड लागायची, म्हणून मी शुक्रवारीच बँकेत जाऊन आणायची. उचल मागितली तर द्यायची, पण वहीत लिहून आणि दोघांच्या सह्या करून. मेस्त्रींची स्वतःची एक खिशातली डायरी होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, पानांना सिमेंटची बोटं लागलेली. महिन्यात एकदा माझी वही आणि त्यांची डायरी शेजारी ठेवून आम्ही जुळवायचो. एकदा त्यांच्याकडं माझ्यापेक्षा दोन हजार जास्त उचल लिहिलेली निघाली. म्हणजे माझ्याकडं नोंद करायची राहून गेली होती आणि त्यांच्याकडं होती. ते बोलले नसते तर मला कळलंही नसतं.

*

घरात तोंडं तीन. सासूबाई कामावर खुर्ची टाकून बसायच्या, मी येऊनजाऊन, आणि नवरा पुण्याहून व्हॉट्सॲपवर. त्यात मेस्त्रींना सुरुवातीला सवय अशी की कुठलंही महत्त्वाचं विचारायचं झालं की "साहेबास्नी फोन लावा की." ओट्याची उंची किती ठेवायची हेही साहेबांना विचारायचं! साहेबांनी आयुष्यात त्या ओट्यावर चहासुद्धा केलेला नाही. मी नवऱ्याला सांगितलं, तुझं काय असेल ते मला सांग, मेस्त्रीला सांगू नको. सासूबाईंनाही तेच, जरा वेगळ्या शब्दांत. मेस्त्रीला एकच तोंड दिसलं पाहिजे. माझ्या मते मालक-मेस्त्रीतली निम्मी कडवटपणाची गोष्ट इथंच सुरू होते. एकानं सांगितलं म्हणून बांधलं, दुसऱ्यानं बघून पाडायला लावलं, आणि त्या दिवसाचा पगार कुणी द्यायचा यावर दोघंही गप्प. त्याच्या हाताखालच्या चार माणसांना संध्याकाळी पैसे द्यायचेच असतात, आपलं मन बदललं हे त्यांना काय सांगायचं?

मन बदललं तर त्याचे पैसे द्यायचे, त्याची चूक असली तर त्यानं द्यायचे. इतकं सोपं आहे हे, पण आधी बोललेलं हवं.

याची दुसरी बाजूही आहे. मेस्त्रीलाही आपल्याला नाही म्हणता आलं पाहिजे. नवऱ्यानं एक फोटो पाठवला होता, माजघर आणि स्वयंपाकघर सलग एक, मध्ये भिंतच नाही. फोटो सुंदर होता, मलाही आवडला. मेस्त्रींनी मोबाइल लांब धरून बघितला, मग माजघरात जाऊन वर बोट दाखवलं. तुळयांची टोकं त्याच भिंतीवर टेकलेली. "भिंत काढूया की. कौलं कुठं ठेवायची ते साहेबास्नी विचारून सांगा." त्यांनी असं तोंडावर सांगितलं याचा मला आनंद झाला. होयबा मेस्त्री फार महाग पडतो. लोखंडी गर्डर घालून ते करता आलं असतं, पण मातीतल्या जुन्या समाईक भिंतींवर तेवढं वजन टाकायला ते तयार नव्हते, आणि ज्यानं आयुष्यभर अशा भिंती पाडल्या-बांधल्या त्याच्यापुढं फोटोचं काय चालणार?

गिलाव्याबाबतही त्यांचंच ऐकलं. सोप्यातल्या मातीच्या भिंतींवर सिमेंटचा जाड गिलावा मारू नका म्हणाले. माती ओल घेते आणि सोडते, सिमेंटच्या पापुद्र्यामागं ती अडकली की दोन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. तिथं चुना. नवी विटांची भिंत जुन्या भिंतीला भिडते त्या सांध्यावर मात्र लोखंडी जाळी मारून मग गिलावा, नाहीतर तडा ठरलेला. चुन्याला वेळ जास्त लागतो, आणि चुना करणारी माणसं आता कमी राहिलीत. त्यांनी एक म्हातारे गवंडी आणले, ते बोलायचे कमी आणि भिंतीवर हात फिरवायचे जास्त.

*

चुका कधी सांगायच्या? त्याच दिवशी. आणि माणसांसमोर नाही.

एक उदाहरण जेवणाच्या सुट्टीचं. साडेबाराच्या सुमारास माल कालवलेला असायचा, एकला सगळे जेवायला बसायचे. बायका डबे उघडायच्या, जोंधळ्याची भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, आणि मग पंधरा मिनिटं आडवं होणं. दोनला तोच माल पाणी मारून परत हलवायचा आणि भिंतीला लावायचा. सिमेंट पाण्यात भिजल्यापासून आवळायला लागतं. सुरुवातीचा आवळ अर्ध्या तासाच्या आत येऊ नये असं मानक आहे, म्हणजे त्यानंतर तो कधीही येऊ शकतो. एकदा धरायला लागलेल्या मालात पाणी ओतून तो मऊ दिसतो, पण ताकद गेलेली असते. आता हे "तुम्ही शिळा माल लावताय" असं चार माणसांत म्हटलं असतं, तर मेस्त्रींना ते खाली बघायला लावणारं होतं. मी रोज बाराला तिथनं चक्कर मारून विचारायला लागले, "मेस्त्री, जेवणाआधी अजून किती लागेल?" दोन-तीन दिवसांत त्यांनीच हेल्परला ओरडून सांगितलं, "आता अर्धंच घमेलं कालव रे." ते कशासाठी हे त्यांना कळलं होतं, मला कळलं होतं, आणि कुणी काही म्हटलं नाही.

न्हाणीचं मात्र स्पष्टच म्हणावं लागलं.

खालचं वॉटरप्रूफिंग नीट झालं होतं. टाइल्स बसवण्याआधी पाणी जायचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी साठवून ठेवलं, खाली भिंतीला ओल आली नाही. मग फरशीवाला आला आणि एका दिवसात त्यानं टाइल्स बसवून टाकल्या. हात फार सफाईचा, सांधे रेषेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादलीभर पाणी ओतलं. तीन बाजूंनी पाणी जाळीकडं धावलं आणि गिझरखालच्या कोपऱ्यात तळहाताएवढं थबकून राहिलं. न्हाणीला दर फुटाला जेमतेम तीन-चार मिलिमीटर उतार लागतो. डोळ्यांना तो दिसत नाही, फक्त पाण्याला कळतो.

मेस्त्री बाहेर गिलावा मारत होते, हाताखाली सगळी माणसं. मी म्हटलं, "जरा आत येता का?" ते आले. मी काही न बोलता बादली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ओतली, वाकून बघितलं, कोपऱ्यातलं पाणी बोटानं जाळीकडं ओढून पाहिलं. ते परत मागं आलं.

"वाळंल की वैनी."

"वाळेल. पण त्या आधी अव्वांचा पाय तिथं पडेल."

ते काही बोलले नाहीत. पाण्याची नळी आणली, एक टोक मला धरायला लावलं, कोपऱ्यातून जाळीपर्यंत पातळी बघितली. मधली एक टाइल किंचित वर बसली होती.

"मेस्त्री, हे काढायला लागतंय."

"व्हय," एवढंच म्हणाले. फरशीवाल्याला फोन लावला. तो आला, आणि त्यानं मात्र बरंच सांगितलं, "भाभीजी, इतना तो चलता है," वगैरे. मेस्त्री त्याला म्हणाले, "चलता होगा, पानी नहीं चलता." मला हसू आवरेना, फरशीवालाही हसला. कोपऱ्याच्या चार-सहा टाइल्स उचकटल्या. टाइल्स माझ्या, मजुरी त्यांची, हे आधी ठरलेलं होतं. टाइल्सचा एक जास्तीचा खोका मी त्याच बॅचचा घेऊन ठेवला होता. हे ज्यांचं काम चालू आहे त्यांनी जरूर करावं, कारण नंतर त्याच नावाची टाइल आणली तरी रंगात फरक येतो. त्या दिवशी चारचा चहा मेस्त्री घेईनात. रागावलेच होते. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले.

*

मला विचाराल तर कामावरच्या माणसांची खरी सोय संडासाची. आमच्याकडे हेल्पर बहुतेक बायका. सकाळी आठला बसमधून उतरतात, संध्याकाळी सहाला परत. भर वस्तीत काम, आडोसा कुठं नाही, मग त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांनी सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. पाण्याची कळशी दुपारपर्यंत भरलेलीच का राहते, यावरून सासूबाईंच्या लक्षात आलं. परसातला जुना संडास सगळ्यात शेवटी पाडायचा असं त्यांनीच ठरवून टाकलं आणि त्याची कडी आतून नीट बसवून घेतली. एकीचं लहान बाळ असायचं, त्याची लुगड्याची झोळी माजघराच्या तुळईला.

त्याच बायकांमुळं मला लेबर कार्डाचं कळलं. बांधकाम कामगारांसाठी 1996 चा केंद्राचा कायदा झाला, त्याखाली राज्यांनी कल्याण मंडळं काढली. कार्डासाठीच्या नोंदणीला मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागायचा. मोठ्या साइटवर ठेकेदार तो देतो. घरोघरच्या दुरुस्त्या करत फिरणाऱ्या बाईला कोण देणार? मी माझ्याकडच्या दिवसांचं लिहून सही करून दिली. कागद कानडीत होता, वायरमननं वाचून दाखवला.

कानडी-मराठी म्हटलं की बाहेरच्यांना एकच विषय आठवतो. तर सांगते. काम चालू असताना 1 नोव्हेंबर आला. 1956 साली याच तारखेला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. शहरात एकीकडं कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं मराठी भाषिकांचा काळा दिन. मेस्त्री आले नाहीत, माणसंही आली नाहीत, वायरमनही नाही. कॅलेंडरवर तो दिवस लाल केलेला नव्हता आणि मीही कुणाला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर हजर. कोण कुठं गेलं होतं हे कुणी कुणाला विचारलं नाही. एका हेल्परच्या कपाळावर आदल्या दिवशीचा पिवळा-तांबडा रंग नीट निघाला नव्हता, मेस्त्री त्याला म्हणाले, "तोंड धुवून ये, माल कालवायचाय." काम सुरू झालं.

*

स्लॅबचा दिवस हा बांधकामातला सण. मिक्सर येतो, कॉंक्रीटवाल्यांची टोळी येते, साखळी करून घमेली वर जातात, आणि एकदा सुरू केलं की संपेपर्यंत थांबायचं नाही. त्या दिवशी जेवण मालकाकडं, आणि टोळीची अपेक्षा मटणाची. सासूबाई माळकरी. दोन दिवस यावर घरात मंत्रणा चालली. शेवटी पुरणपोळ्या झाल्या, कटाची आमटी, वर तूप. टोळीतल्या म्होरक्यानं ताट बघितलं आणि मागं वळून ओरडला, "होळगी!" पोळ्या कमी पडल्या. मटणाच्या खुशालीचे पैसे मेस्त्रींनी तरी वेगळे मागून घेतलेच.

स्लॅबनंतर टेकूंवरून कुरबूर झाली. सेंट्रिंगच्या फळ्या आणि टेकू भाड्याचे, दुसऱ्या साइटवर त्यांची वाट बघत असतात, त्यामुळं सेंट्रिंगवाला पाचव्या दिवशी काढू का म्हणून उभा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू निदान सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्याला चौदा. तो वाईट माणूस नव्हता, त्याचं भाडं बुडत होतं. जादा दिवसांचं भाडं मी देते म्हटलं, विषय संपला. पाणी मारायचं कुणी, हेही असंच आधी ठरवायचं असतं. मेस्त्री म्हणतात मालकानं, मालक म्हणतात मेस्त्रीनं, आणि स्लॅब कोरडा राहतो. आमच्याकडं ते माझ्याकडं होतं. विहिरीवर पंप होता, सकाळ-संध्याकाळ पाइप धरून दहा दिवस.

शेवटचा हिशेब वळवाआधी झाला, पण थोडी रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत मागं ठेवायची हे सुरुवातीलाच बोललो होतो. जूनमध्ये नवा स्लॅब आणि जुनी कौलं जिथं भेटतात त्या पन्हळीतून माजघरात पाणी आलं. फोन केला, मेस्त्री पोतं डोक्यावर घेऊन भर पावसात आले, पत्र्याची पन्हळ एका बाजूनं आखूड पडली होती ती बदलली. दोन पावसांनी खात्री केली आणि राहिलेले पैसे देऊन टाकले. वहीच्या शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या आहेत.

हल्ली त्यांचा नंबर मागणारे बरेच. माझ्या वडगावच्या नणंदेला दिला होता, परवा तिचा फोन. आवाज तापलेला.

"तुझा मेस्त्री सरळ नाही म्हणतो गं तोंडावर."

"कशाला?"

"टाकीला. हजार लिटरची टाकी आणून ठेवलीय, मागच्या भिंतीवर बसवा म्हटलं तर ऐकेना."

"मागची म्हणजे मातीची?"

"मातीचीच, पण जाड आहे."

हजार लिटर म्हणजे एक टन पाणी. मी म्हटलं, टाकी परत कर आणि पाचशेची घे, जमिनीवर कट्टा बांधून ठेव. तर म्हणाली, "तोही हेच म्हणतोय."